‘ॲम्ब्युलन्स’ सापडली नाही तेव्हा : चूक कळवण्याचा छोटा इतिहास

आजची गोष्ट इतिहासाची आहे, पण सुरुवात माझ्या एका चुकीपासून करतो.

मी बडोद्यात राहतो. काही वर्षांपूर्वी आमच्या मंडळासाठी मी एक छोटं वेब ॲप केलं. त्यात मंडळातल्या कुटुंबांचे फोन नंबर होते आणि उपयोगी नंबरांची यादी होती : डॉक्टर, प्लंबर, डबा देणाऱ्या काकू, ॲम्ब्युलन्स. यादी एका जुन्या फाइलमधून उचलली, वर शोधायची सोय केली आणि ग्रुपवर टाकलं, ‘कसं वाटलं, नक्की कळवा.’ भराभर अंगठे आले. मी खूश.

एका निवृत्त शिक्षिकेने मात्र फोन केला. ‘अहो, शोधलेलं कधीकधी सापडत नाही.’ मी म्हटलं, ‘बाई, माझ्याकडे सापडतंय. तुमच्या फोनचं काहीतरी असेल.’ विषय तिथेच संपला.

दोन महिन्यांनी रात्री एक वाजता त्यांच्या यजमानांच्या छातीत दुखू लागलं. घाबरल्यावर १०८ लावायचं सुचलंच नाही. बाईंनी ॲप उघडून ‘ॲम्ब्युलन्स’ टाइप केलं. उत्तर आलं, ‘काही सापडले नाही.’ शेजारच्या मुलाने गाडी काढली म्हणून वेळेत पोचले आणि यजमान वाचले. आठवड्याने बाईंचा मेसेज आला. राग नव्हता. वहीच्या कागदाचा फोटो होता : फोन कोणता, कीबोर्ड कोणता, काय टाइप केलं, काय दिसलं. आणि खाली पाचवी ओळ : ‘यादीतला शब्द कॉपी करून शोधला तर सापडतो. मी टाइप केला तर नाही.’

मित्रांनो, त्या पाचव्या ओळीची किंमत मला इतिहास वाचताना कळली.

चला १९६९ सालात. अमेरिकेत चार ठिकाणचे संगणक एकमेकांना जोडायचे होते. पुढे ज्यातून इंटरनेट उभं राहिलं, ते हे अर्पानेट. नियम कसे असावेत हे ठरवायला बसली होती विद्यार्थी पोरं. त्यांच्यातल्या स्टीव्ह क्रॉकरला टिपणं लिहायची होती, पण धास्ती वाटत होती. आपण कोण नियम सांगणार? कुणी मोठा माणूस येईल आणि रागावेल! रात्री घरातल्यांची झोपमोड नको म्हणून बाथरूममध्ये बसून त्याने लिहिलं आणि त्या टिपणांना नाव दिलं ‘रिक्वेस्ट फॉर कॉमेंट्स’, म्हणजे अभिप्रायाची विनंती. पहिल्या टिपणावर तारीख आहे ७ एप्रिल १९६९. त्याच महिन्यातल्या तिसऱ्या टिपणात लिहायचे नियम आले. कुणीही लिहावं. घोटून घोटून सुंदर करण्यापेक्षा वेळेवर लिहावं. कमीत कमी लांबी किती? एक वाक्य! नेटवर्क अजून जन्मालाही आलं नव्हतं, म्हणून ही टिपणं टपालाने जात. आजही इंटरनेटचे नियम याच नावाने प्रसिद्ध होतात.

म्हणजे विचारणाऱ्याने आधी दार उघडं ठेवायचं असतं. ‘कसं वाटलं?’ हा प्रश्न मीही विचारला होता. पण कौतुकासाठी विचारणं वेगळं आणि चूक ऐकायला विचारणं वेगळं.

दुसरी गोष्ट डोनाल्ड क्नूथ यांची. स्टॅनफर्ड विद्यापीठातले प्राध्यापक. १९७७ साली स्वतःच्या पुस्तकाच्या नव्या आवृत्तीची प्रुफं त्यांच्या हाती आली. टाइप इतका वाईट, की त्यांनी ठरवलं, अक्षरजुळणीचं सॉफ्टवेअर आपणच लिहायचं. ते म्हणजे ‘टेख’. गणिताचे पेपर आजही त्यात लिहिले जातात.

आपल्याला महत्त्वाचं ते पुढे आहे. पहिली चूक दाखवणाऱ्याला क्नूथ स्वतःच्या सहीचा चेक पाठवत. पुस्तकातल्या चुकीला २ डॉलर ५६ सेंट. २५६ हा संगणकाच्या हिशेबात गोल आकडा आहे, म्हणून. टेखमधल्या चुकीची रक्कम ते दरवर्षी दुप्पट करत गेले आणि ३२७ डॉलर ६८ सेंटवर थांबले. गंमत म्हणजे अनेकांनी ते चेक वटवलेच नाहीत, फ्रेम करून भिंतीवर लावले!

क्नूथ यांनी दहा वर्षं एक वही ठेवली. टेखमधली प्रत्येक चूक, प्रत्येक बदल त्यात. १९८९ साली ती सगळी नोंद त्यांनी छापली. साडेआठशेहून जास्त नोंदी, १५ प्रकारांत वाटलेल्या. एक प्रकार साध्या टायपिंगच्या चुकांचा. एक चक्क ‘घोडचूक’ या अर्थाचा. एक प्रकार विसरलेल्या गोष्टींचा. आणि एकाचं नाव ‘सरप्रायझिंग सिनॅरिओ’ : सगळे भाग आपापल्या जागी बरोबर, पण ते एकत्र येतील तेव्हा काय होईल हे लिहिणाऱ्याच्या मनातच आलं नव्हतं. जगातल्या नामांकित संगणकतज्ज्ञाने आपल्या घोडचुका मोजून छापल्या आणि मी एका फोनवर म्हणालो, तुमच्या फोनचं काहीतरी असेल.

आता बाईंच्या पाचव्या ओळीकडे येऊ, कारण तिसरी गोष्ट तिथेच दडली आहे. ती आपल्या अक्षराची आहे.

‘ॲप’ हा शब्द मराठीत आपण अ वर चंद्र देऊन लिहितो. हिंदीत ‘ऐप’ लिहिलेलं तुम्ही इंदूर-भोपाळकडे पाहिलं असेल. १९९१ साली युनिकोडची पहिली आवृत्ती आली. तिच्यात देवनागरी घेतली ती भारतातल्या इस्की या प्रमाणावरून. त्यात ‘ऍ’ होता, ए वरचा चंद्र. मराठीचा ‘ॲ’ नव्हता. मग मराठी माणूस काय करायचा? आधी अ, मग सुटा चंद्र. काही ठिकाणी ते नीट दिसे, काही ठिकाणी मध्ये ठिपक्यांचं वर्तुळ उगवे. युनिकोडकडे नवं अक्षर मागायचं तर ‘आम्हाला हवं’ एवढं पुरत नाही. रीतसर प्रस्ताव लागतो आणि वापराचा पुरावा म्हणून छापील नमुने लागतात. अखेर २००८ साली, ५.१ या आवृत्तीत ‘ॲ’ला स्वतःची जागा मिळाली. तक्त्यात त्याच्यावर मराठीचं नावही आहे.

पण जुनं लिखाण जुनंच राहिलं. माझ्या यादीतली ‘ॲम्ब्युलन्स’ होती अ अधिक चंद्र, दोन तुकड्यांची. बाईंच्या नव्या फोनचा कीबोर्ड देत होता एकसंध ॲ. डोळ्याला दोन्ही सारखे. संगणकाला दोन वेगळे शब्द. माझ्याकडे सापडत होतं, कारण मी जुन्याच पद्धतीने टाइप करत होतो. क्नूथ यांच्या वहीत ही नोंद ‘सरप्रायझिंग सिनॅरिओ’मध्ये गेली असती.

दुरुस्ती दहा मिनिटांची निघाली : शोधण्याआधी दोन्ही रूपं एक करायची. तेव्हापासून मी वही ठेवतो. आणि ‘कसं वाटलं?’ विचारत नाही. विचारतो, ‘काय करायला गेलात आणि कुठे अडलात?’

गणपतीत बाईंना पाकीट दिलं. त्यांनी उघडून मोजलं. ‘अहो, दोनशे एक्कावन्न देतात. हे छप्पन्न कुठून काढलंत?’ मग त्यांना क्नूथ यांची गोष्ट सांगितली. पाकीट त्यांच्या देवघराच्या फडताळात तसंच आहे म्हणतात.

तुमच्याकडेही एखादं ॲप अडत असेल. बँकेचं असो, शाळेचं असो, की भाच्याने केलेलं. ‘चालत नाही’ एवढं लिहून सोडू नका. कोणता फोन, काय केलं, काय दिसलं, काय दिसायला हवं होतं, या चार ओळी लिहा. आणि ॲप तुम्हीच केलं असेल, तर फोन ठेवायच्या आधी एक प्रश्न आणखी विचारा.