बोल, कशाला हवी भिशी?

लालबागच्या आमच्या चाळीत काकूची खाणावळ होती. जेवणारे सगळे गिरणीतले, कोकणातले नि घाटावरचे; बायकापोरं गावी आणि एकेका गाळ्यात दहा-बारा गडी. 1856 मध्ये ताडदेवला दावरांची कापडगिरणी चालू झाली, तेव्हापासून जसजसे भोंगे वाढले तसतशा खाणावळी वाढल्या. जेवणाचे पैसे मात्र पगार झाल्यावर. तोवर तांदूळ वाण्याकडून उधार, आणि वाणी अडून बसला की डोरलं सावकाराकडे गहाण.

कामगार चळवळीच्या इतिहासात ह्या खाणावळवाल्या बायकांना दोन ओळी मिळतात. त्यांच्या भिशीला तेवढ्याही नाहीत, हे मला खटकतं.

काकूच्या भिशीत बाराजणी, महिन्याला दहा रुपये. पहिली उचल काकूची, तो चालवणारीचा मान. पुढे चिठ्ठ्या, पावडरच्या रिकाम्या डब्यातून त्या मी काढायची. नियम एकच: एकशेवीस रुपये कशाला हवेत ते सगळ्यांदेखत सांगायचं. एकीने "डोंबिवलीला खोली" म्हटलं, तर काकू म्हणाली, "अगं, ह्यात खोलीची कडीसुद्धा येणार नाही. पातेलं बोल, स्टो बोल." त्या बाईने मोठं पितळी पातेलं घेतलं. पाच जेवणारे वाढले. पुढच्या फेरीत तिचं डोरलं सुटलं, तेव्हा ते गळ्यात घालून बाई चारही मजले मिरवून आली. दारोदारी थांबून, पदर जरा बाजूला सारून!

1975 मध्ये प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं आणि खाणावळवाल्यांना राष्ट्रीयीकृत बँकेचं कर्ज मिळू लागलं. काकूने अर्जात दोन महिन्यांच्या किराण्यापुरतीच रक्कम लिहायला लावली. जास्त मागितली असती तर मिळालीही असती. पण ती रक्कम फेडताना झोप लागली पाहिजे, हा तिचा हिशोब.

मग 18 जानेवारी 1982. गिरण्यांचा संप सुरू झाला, सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. जेवणारे हळूहळू गावी गेले, उधारी बुडाली. भिशी दहाची पाचावर आली, पण फुटली नाही. चिठ्ठी लागली की आता शाळेची फी निघायची, औषधं यायची. काकूने आपल्या उचलीतून नवा सोऱ्या घेतला आणि दिवाळीसाठी चकलीच्या ऑर्डरी धरल्या, दहा किलोच. अकराव्या किलोचं गिऱ्हाईक आलं, त्याला तिने पुढच्या वर्षी लवकर या म्हणून सांगितलं.