बाभळीचा काटा आणि सायकलचा टायर



आपल्या बाभुळगावच्या नावातच बाभूळ आहे. तिने आपल्याला औतफाट्याला लाकूड दिले, लाडवाला डिंक दिला, बकऱ्यांना शेंगा दिल्या. पण तिच्या फांद्या तोडून धुऱ्यावर कुंपण घातले की काटे वाटेवर सांडतात. पायात काटा गेला तर आपण सुईने काढतो. सायकलच्या चाकात गेला तर मात्र पोरीची शाळा बुडते.

दिवाळीनंतरच्या बैठकीत आमच्या गटात हाच विषय निघाला. एका ताईंच्या मुलीला शाळेतून सायकल मिळाली होती. चार वेळा पंक्चर झाली आणि तेव्हापासून ती भिंतीला टेकून उभी. शाळा चार किलोमीटर लांब. घरात बोलणे सुरू झाले, "रोजची कटकट आहे, आता पुरे झाली शाळा." ताईंनी टायरसाठी गटाकडे कर्ज मागितले. कोणी म्हणाले, टायरला कुठे कर्ज देतात का? कोणी म्हणाले, हवाच नसलेले भरीव टायर बसवा, भानगडच मिटेल. तेव्हा आम्ही ठरवले की आधी या टायरची गोष्ट समजून घ्यायची.

तर ऐका. पहिल्या सायकलींना हवेचे टायर नव्हतेच. चाकाला लोखंडी धाव असायची, आपल्या बैलगाडीसारखी. नंतर भरीव रबर आले. पंक्चरचा प्रश्न नव्हता, पण प्रत्येक दगड थेट कंबरेला कळायचा. १८४५ साली रॉबर्ट थॉमसन यांनी हवा भरलेल्या चाकाचे पेटंट घेतले. ते घोडागाडीसाठी होते आणि पुढे लोक ते विसरूनही गेले. मग बेलफास्टमध्ये जनावरांचे डॉक्टर असलेले जॉन डनलॉप यांनी आपल्या लहान मुलाच्या तीनचाकी सायकलला हवेची रबरी नळी बसवली आणि १८८८ साली पेटंट मिळवले. म्हणजे हवेच्या सायकल टायरची सुरुवात एका लेकराचे हाल कमी करण्यासाठी झाली.

योगायोग बघा. त्याच १८८८ साली आपल्याकडे लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगावात सायकलींचे दुकान काढले. लोखंडी नांगर, किर्लोस्करवाडी हे सगळे त्यानंतरचे. त्याच घराण्यातून १९३० साली बायकांसाठी 'स्त्री' मासिक निघाले. सायकलच्या दुकानापासून निघालेली वाट अशी बाईच्या हातातल्या मासिकापर्यंत आली.

डनलॉपच्या टायरला खोड एकच. तो चाकाला चिकटवलेला असायचा, त्यामुळे पंक्चर काढायला तासन् तास लागत. फ्रान्समधल्या मिशेलिन बंधूंकडे असाच एक सायकलवाला आला. दुरुस्तीत फार वेळ गेला, आणि एवढे करून ती टिकली नाही. त्यातून त्यांनी १८९१ साली काढता-घालता येणारा टायर आणला. आज आपल्या चौकातला कारागीर दोन पट्ट्यांनी टायर उचकटून ट्यूब बाहेर ओढतो, ती सोय या पंक्चरनेच दिली. भारतात डनलॉपचा टायर कारखाना १९३६ साली बंगालमध्ये साहागंजला निघाला.

आता काट्याला अडवणाऱ्या टायरकडे येऊ. टायर नुसता रबराचा नसतो, त्याच्या पोटात कापड असते. पूर्वी ते कापसाच्या सुताचे असायचे, पुढे नायलॉन आले. आणि १९६५ साली अमेरिकेत स्टेफनी क्वोलेक या रसायनतज्ज्ञ बाईंनी एक धागा शोधला. त्यांना खरे तर डॉक्टर व्हायचे होते. शिक्षणासाठी पैसे साठवावेत म्हणून त्यांनी कंपनीत नोकरी धरली आणि तिथेच रमल्या. कंपनी टायरसाठीच हलका पण चिवट धागा शोधत होती. बाईंनी बनवलेले द्रावण गढूळ आणि पातळ दिसत होते. ते यंत्रात घालायला कारागीर तयार होईना. बाईंनी धीर सोडला नाही. त्यातून निघाला केव्हलार, वजनाला वजन धरले तर पोलादाहून पाचपट मजबूत. बंदुकीची गोळी अडवणाऱ्या जाकिटात तो असतो आणि काट्याला अडवणाऱ्या काही सायकल टायरांतही त्याचा पट्टा असतो.

ही गोष्ट ऐकून आमचा निर्णय सोपा झाला. भरीव रबर लोकांनी शंभर वर्षांपूर्वीच वापरून सोडले होते. ते जड असते, आणि आपल्या रस्त्यावर त्याचा दणका अंगाला बसतो, चाकाच्या तारांनाही बसतो. म्हणून टायर हवेचाच, पण बघून घेतलेला.

जुन्या टायरच्या बाजूवर लिहिलेला आकडा कागदावर उतरवून न्या, तोच आकडा मागा. आतून पंक्चररोधक पट्टा आहे का, विचारा. तसा मिळाला नाही तर जमिनीला टेकणारा भाग जाड असलेला टायर घ्या. हवा किती भरायची तेही बाजूवर लिहिलेले असते. हवा कमी असली की खड्ड्यात ट्यूब रिमखाली चिमटते आणि साप चावल्यासारखी दोन भोके पडतात. त्याला काट्याचा दोष नाही.

आणि एक युक्ती, खास आपल्या कापूसवाल्यांची. पंक्चर काढल्यावर टायरच्या आतून कापसाचा बोळा फिरवा. मोडलेले काट्याचे टोक डोळ्याला दिसत नाही, पण कापूस तिथे अडकतो. ते टोक राहून गेले तर नवी ट्यूबही दुसऱ्या दिवशी बसते. त्या मुलीच्या जुन्या टायरमधून अशी तीन टोके निघाली. चार पंक्चर कशाने झाली, ते तेव्हा कळले.

गटाने कर्ज दिले. सोबत गटाच्या पैशातून एक हवेचा पंप, ठिगळे आणि सोल्युशनची ट्यूब घेतली. ती पेटी अध्यक्षताईंच्या घरी असते, कोणाच्याही मुलीने यावे. त्यानंतर ती सायकल एकदाच पंक्चर झाली. पोरीने स्वतः काढली आणि दुसऱ्या तासाला वर्गात बसली.

तुमच्या अंगणात एखादी सायकल भिंतीला टेकून उभी असेल, तर आज संध्याकाळी तिचा टायर उघडा. कापूस घरात आहेच.