पवनानगरच्या वाटा: माथ्यावर चढणाऱ्या आणि पाण्याखाली गेलेल्या

‘प्राचीन मार्ग’ असा विषय घेऊन संशोधनाला लागलात की पहिला मोह होतो तो नकाशावर रेघ मारण्याचा. खाली कोकणात चौल बंदर, वर जुन्नर, मधे लेणी आणि किल्ले; ठिपके जोडले की मार्ग तयार. पवनानगरच्या आसपास हा मोह आवरणं फारच कठीण, कारण इथे ठिपक्यांना तोटा नाही. कामशेतवरून येताना वाटेत बेडशाची लेणी, उत्तरेला लोहगड आणि विसापूर, दक्षिणेला तिकोना, जलाशयाच्या पश्चिमेला तुंग. शनिवार-रविवारी यातल्या प्रत्येक वाटेवर माणसांची रांग असते. मग वाटतं, हीच ती जुनी वाट.

नाही. निदान सिद्ध होईपर्यंत तरी नाही.

आज आपण चालतो त्या वाटा माथ्यावर जातात, कारण आपल्याला माथा गाठायचा असतो. पवन मावळात राहणाऱ्या बहुतेकांना माथ्यावर काही कामच नव्हतं. त्यांना बाजाराला जायचं होतं, जत्रेला जायचं होतं, लेकीच्या सासरी जायचं होतं, बैल न्यायचे होते. त्यांची वाट खोऱ्याच्या तळातून आणि दोन डोंगरांमधल्या खिंडीतून जाणार. लोहगड आणि विसापूरच्या मधली गायमुख खिंड बघा. इंद्रायणीच्या खोऱ्यातून पवनेच्या खोऱ्यात उतरायची ती नैसर्गिक जागा आहे. आपण मात्र तिथे पोचून पाणी पितो आणि डावीकडे की उजवीकडे, एवढंच ठरवतो. खरी वाट सरळ पुढे खाली जाते.

किल्ला म्हणजे वाट नव्हे, वाटेवरचा डोळा. एवढा फरक डोक्यात पक्का बसला तरी अर्धी चूक टळते.

आता ट्रेकिंगच्या माहितीबद्दल एक इशारा. तिकोन्याबद्दल इंटरनेटवर वाचाल तर जवळपास सगळीकडे एक वाक्य सापडेल: 1585 मध्ये अहमदनगरच्या मलिक अहमद निजामशहाने हा किल्ला घेतला. हा मलिक अहमद निजामशाहीचा संस्थापक. त्याने 1490 मध्ये स्वतंत्र सत्ता घोषित केली आणि 1510 च्या सुमारास तो वारला. म्हणजे मृत्यूनंतर पाऊणशे वर्षांनी किल्ला घेतला म्हणायचं! एकाने लिहिलं, बाकीच्यांनी उचललं. पंधराव्या शतकाच्या शेवटाचं साल कुठेतरी शंभर वर्षांनी पुढे सरकलं असावं, हा माझा अंदाज. पण मुद्दा तो नाही. साल आणि माणूस शेजारी ठेवून एकदा तपासायला दोन मिनिटं लागतात, आणि ती दोन मिनिटं कोणी दिली नाहीत. तुमच्या प्रबंधात हे वाक्य गेलं तर परीक्षक ते नेमकं पकडतील.

मग खात्रीचं काय आहे? दगडात कोरलेलं. बेडशाच्या चैत्यगृहापाशी नाशिकच्या आनंद श्रेष्ठीच्या मुलाचं, पुष्यणकाचं दान नोंदलेलं आहे. नाशिकचा माणूस इथे दान देतो, म्हणजे त्याचं इथे येणं-जाणं किंवा इथल्या संघाशी काही नातं होतं. पण मला त्याहून मोलाचा वाटतो तो पाण्याच्या टाक्यावरचा लेख. फोटो काढणारी मंडळी चैत्याचे खांब, त्यावरचे घोडे-हत्ती आणि स्वार बघतात आणि परततात. टाक्याकडे सहसा कोणी वळत नाही. ते टाकं सामडिनिका नावाच्या स्त्रीने दिलं. लेख तिला ‘महाभोजाची मुलगी’ म्हणतो आणि ‘महारठिनी’ म्हणतो. आपदेवणक हे नवऱ्याचं नाव.

या दोन पदव्या नीट बघा. महाभोज हे कोकणातल्या कुडा लेण्यांच्या लेखांत वारंवार भेटणारं घराणं. महारठी भेटतात ते वर घाटमाथ्यावर, कार्ले आणि भाजे इथल्या लेखांत. सामडिनिकेला ‘मांदवी’ही म्हटलंय आणि कुड्याचे महाभोज स्वतःला मांदव म्हणवतात. म्हणजे खालच्या घराण्यातली मुलगी वरच्या घराण्यात दिली, असं वाचायला चांगला आधार आहे. घाट चढून इथे माल येत असेल-नसेल, सोयरीक नक्की आली होती.

आणि इथेच थांबायचं. ती सवाष्णी घाटाने आली, वाघजाई घाटाने आली की बोरघाटाने, हे लेख सांगत नाही. वाघजाईच्या पायथ्याशी ठाणाळ्याची लेणी आहेत, म्हणून तोच घाट, असं लिहायला हात शिवशिवतो. लिहायचंच असेल तर ‘शक्यता’ हा शब्द लावून लिहा.

टाक्यांचं महत्त्व दुसऱ्या एका लेखानेही कळतं. कामशेतच्या उत्तरेला पाले इथल्या लेण्यातला ब्राह्मी लेख ह. धी. सांकलिया आणि शोभना गोखले यांनी अभ्यासला. तो अरिहंतांना नमस्कार करून सुरू होतो आणि इंद्ररक्षित नावाच्या दात्याची नोंद करतो. 2019 मध्ये लोहगडवाडीच्या वरच्या लेण्यात तसाच, थोडा मोठा लेख पुढे आला; तिथेही इंद्ररक्षित, आणि दान पाण्याच्या टाक्याचं व बसायच्या कट्ट्यांचं. पाणी आणि टेकायला जागा. उन्हाळ्यात डोंगर चढून आलेल्या कोणालाही याचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही.

शिवकाळ मी थोडक्यात उरकतो, कारण तो तुम्हाला ठाऊक आहे. जून 1665 च्या पुरंदरच्या तहात दिलेल्या 23 किल्ल्यांत लोहगड, इसागड म्हणजे विसापूर, तुंग आणि तिकोना हे चारही होते. तहाच्या आधी मिर्झाराजे जयसिंगाच्या फौजांनी काय केलं, तिकडे मात्र लक्ष द्या. त्यांनी या किल्ल्यांना वेढे घालत बसण्याऐवजी भोवतालची गावं जाळली. किल्ला खालच्या गावावर जगतो, हे त्यांना चांगलं कळलं होतं. आपण मात्र ‘तिकोना पेठ’ हे नाव वाचूनही पेठेचा विचार न करता वर चढतो. (पेठ हा सुगावा आहे, पुरावा नव्हे. बाजार केव्हा होता आणि केवढा, याला जकातीचा किंवा वसुलाचा कागद लागेल. त्यासाठी पुणे पुरालेखागार.)

1818 च्या मार्चमध्ये इंग्रजांनी विसापूर आणि लोहगड घेतले. 1830 मध्ये बोरघाटातून गाडीरस्ता झाला, 1863 मध्ये त्याच घाटातून रेल्वे. सगळी वर्दळ इंद्रायणीच्या बाजूला गेली, लोणावळा वाढलं आणि पवनेचं खोरं आडबाजूला पडलं. त्यामुळेच तिथल्या पायवाटा पुढची शंभर वर्षं टिकल्या असाव्यात.

मग धरण आलं. 1970 च्या दशकाच्या सुरुवातीला पवना धरण उभं राहिलं आणि खोऱ्याचा तळच पाण्याखाली गेला. शेतं, घरं, देवळं आणि वर म्हटलेली तळातली वाट. तिकोना करून तुंगला जाताना जुने ट्रेकर होडीने पाणी ओलांडायचे, आता बहुतेक जण गाडीने वळसा घालतात. दोन्ही ठिकाणी मूळ वाट पायाखाली नाही. आजच्या नकाशावर या दोन किल्ल्यांचा संबंध काढणं म्हणजे मधलं पान फाटलेलं पुस्तक वाचणं.

फाटलेलं पान दोन ठिकाणी सापडतं. एक, धरणापूर्वीचे सर्व्हे ऑफ इंडियाचे नकाशे, 47 एफ क्रमांकाच्या मालिकेतले. त्यात तुटक रेघांनी पायवाटा दाखवलेल्या असतात. त्यावर आजचा जलाशय ठेवून बघा. सोबत 1885 चं पुणे जिल्ह्याचं गॅझेटियर घ्या, व्यापाराच्या प्रकरणासाठी. दोन, माणसं. ज्यांनी ती वाट लहानपणी तुडवली ते आज साठीच्या पुढे आहेत, काही ऐंशीच्या. नकाशा पुढच्या वर्षीही मिळेल. ही माणसं भेटायला मात्र पुढच्या वर्षाची वाट बघू नका.

त्यांना काय विचारायचं, हे आधी नीट ठरवून जा. ‘मावशी, हा किल्ला कोणी बांधला?’ विचारलंत तर फलकावरचंच उत्तर मिळेल. ‘बाबा, बाजाराला कुठून जायचात? पावसाळ्यात नदी कुठे ओलांडायचात? आत्या कुठल्या गावी दिली होती?’ असं विचारा. गावागावांतल्या सोयरिकी नकाशावर मांडल्या की वाटा आपोआप उमटायला लागतात. सामडिनिकेच्या लेखाला आपण विचारला तोच हा प्रश्न.

आणखी एक. वाटेबद्दल विचारलंत की बोलणं जमिनीवर आणि पुनर्वसनावर जाणार. 9 ऑगस्ट 2011 ला बंद जलवाहिनीच्या विरोधातलं आंदोलन द्रुतगती मार्गावर बऊरजवळ झालं, गोळीबारात तिघं गेले, त्यावरही जाईल. तिथे ‘आजोबा, आपण वाटेकडे येऊया’ म्हणून अडवू नका. ज्याची जमीन गेली त्याच्यासाठी ती वाट आणि तो मोबदला वेगळे विषय नाहीत. ध्वनिमुद्रण चालू ठेवा, पण परवानगी आधी घेतलेली असू द्या, आणि नाव छापायचं की नाही हे त्यांना ठरवू द्या.

जायचं तर मेमध्ये जा. पाणी उतरलं की वाघेश्वराचं जुनं दगडी मंदिर उघडं पडतं. लोक दर्शनाला जातात, फोटो काढतात. तुम्ही गावातल्या एखाद्या म्हाताऱ्या माणसाला सोबत घ्या, देवळाकडे पाठ करून उभे राहा आणि विचारा: इथून घरी कसं जायचात?