घड्याळाकडून तुतारीकडे : शिरूर-दौंडमधील एका चिन्हबदलाचा इतिहास

१/ मोबाइल ॲपचा आयकॉन बदलणे हे तसे किरकोळ काम. पॅकेजमधील जुनी चित्रे काढून त्या जागी निरनिराळ्या आकारांची नवी चित्रे ठेवावी लागतात. पॅकेजचे नाव कायम असल्यामुळे यंत्राला ते ॲप तेच वाटते; वापरकर्त्याचे बोट मात्र ओळखीचे चित्रच शोधत राहते. भारतीय निवडणुकीपुढे हाच प्रश्न पहिल्या दिवसापासून होता.

२/ १९५१ च्या जनगणनेत साक्षरता सुमारे १८ टक्के होती. त्यामुळे पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी ठेवण्यात आली आणि तिच्यावर त्याचे चिन्ह लावण्यात आले : बैलजोडी, झाड, झोपडी, दिवा. यांपैकी अनेक पोलादी पेट्या मुंबईत विक्रोळीच्या गोदरेज कारखान्यात घडल्या होत्या.

३/ १९६२ पासून सर्व उमेदवार एकाच मतपत्रिकेवर आले आणि पेटीवरचे चिन्ह एका लहानशा चौकटीत सामावले. आता ते काळ्या-पांढऱ्या रेषांत, लहान आकारातही ओळखू येणे आवश्यक ठरले. निवडणूक आयोगाचे आरेखक एम. एस. सेठी यांनी नित्याच्या वापरातील अशा अनेक वस्तू पेन्सिलीने रेखाटल्या. ते १९९२ मध्ये निवृत्त झाले. त्यांची चित्रे आजही वापरात आहेत.

४/ १९६८ च्या चिन्हविषयक आदेशाने राखीव व मुक्त चिन्हे ठरवून दिली आणि पक्ष फुटल्यास निर्णयाचा अधिकार आयोगाकडे ठेवला. पुढच्याच वर्षी काँग्रेस फुटली. बैलजोडी गोठवली गेली. इंदिरा गांधींचा पक्ष १९७१ मध्ये गाय-वासरू घेऊन लढला आणि १९७८ मध्ये हातावर आला.

५/ आता भीमाकाठी येऊ. नदीच्या एका तीरावर शिरूर तालुका, दुसऱ्या तीरावर दौंड. लोकसभेसाठी पहिला शिरूर मतदारसंघात, दुसरा बारामतीत. जून १९९९ मध्ये राष्ट्रवादी काँग्रेस स्थापन झाली, तेव्हापासून दोन्ही तीरांवर शरद पवारांचा पक्ष म्हणजे घड्याळ, हे समीकरण रूढ झाले.

६/ जुलै २०२३ मध्ये पक्ष फुटला. ६ फेब्रुवारी २०२४ रोजी आयोगाने पक्षाचे नाव व घड्याळ अजित पवार गटाला दिले. २२ फेब्रुवारीला शरद पवार गटास ‘तुतारी वाजवणारा माणूस’ हे चिन्ह मिळाले. दौंडमध्ये मतदान ७ मे रोजी, शिरूरमध्ये १३ मे रोजी होते. पंचवीस वर्षांची सवय बदलण्यास हाती होते ७५ आणि ८१ दिवस.

७/ अडचण अनपेक्षित दिशेने आली. मुक्त चिन्हांच्या यादीत पाश्चात्त्य वाद्य ट्रम्पेट होते आणि त्याचे मराठी नाव छापले गेले ‘तुतारी’. चित्रे वेगळी, नाव मात्र तेच. साताऱ्यात शरद पवार गटाचा उमेदवार ३२,७७१ मतांनी हरला. ट्रम्पेट चिन्हाच्या अपक्षाला ३७,०६२ मते मिळाली. ही सारी मते गोंधळातून पडली, असे सिद्ध करता येत नाही. परंतु पराभवाच्या फरकाहून मोठा तो आकडा पक्षाच्या तक्रारीचा आधार ठरला.

८/ बारामतीत सुप्रिया सुळे दीड लाखाहून अधिक, तर शिरूरमध्ये अमोल कोल्हे सुमारे १ लाख ४१ हजार मतांनी विजयी झाले. तेथे हा गोंधळ निर्णायक ठरला नाही. जुलै २०२४ मध्ये आयोगाने महाराष्ट्रात ‘तुतारी’ व ‘बिगुल’ ही मुक्त चिन्हे गोठवली.

९/ नोव्हेंबरच्या विधानसभेतही तो अडथळा पूर्णपणे दूर झाला नव्हता. शिरूरमध्ये घड्याळाने तुतारीवर मात केली आणि दौंडमध्ये कमळाने. चिन्ह मतदाराला योग्य ओळीपर्यंत नेते. तेथे बटण दाबायचे की नाही, हे तोच ठरवतो. म्हणूनच चिन्हाची ओळख निर्दोष असणे महत्त्वाचे : साताऱ्याचा तो आकडा मतदारांची इच्छा सांगतो की यादीतील एका शब्दाची चूक, हे आता कोणालाही छातीठोकपणे सांगता येणार नाही.