एकात्मिक बालविकास सेवा योजना

एकात्मिक बालविकास सेवा योजना : सहा वर्षांखालील बालके, गरोदर स्त्रिया व स्तनदा माता यांच्यासाठीची केंद्रपुरस्कृत योजना. 2 ऑक्टोबर 1975 रोजी देशातील 33 प्रकल्पांत सुरू झाली. महाराष्ट्रात आरंभीचे प्रकल्प मुंबईतील धारावी व मेळघाटातील धारणी येथे होते. गावपातळीवरील केंद्रास अंगणवाडी म्हणतात. 2021-22 पासून योजना ‘सक्षम अंगणवाडी व पोषण 2.0’ मध्ये समाविष्ट आहे.

सेवा : पूरक पोषण आहार, शाळापूर्व शिक्षण, आरोग्य व पोषण शिक्षण, लसीकरण, आरोग्य तपासणी आणि संदर्भ सेवा. शेवटच्या तीन आरोग्य विभागामार्फत दिल्या जातात. त्यामुळे योजनेच्या लेखाशीर्षाखालील खर्चावरून प्रतिबंधक आरोग्यावरील एकूण खर्चाचा अंदाज बांधता येत नाही.

निधी : 2005-06 पर्यंत आहाराचा खर्च मुख्यतः राज्यांवर होता, त्या वर्षापासून केंद्र निम्मा भार उचलू लागले. सर्वसाधारण बालकामागे दररोजचा आहारखर्च 2004 पर्यंत 95 पैसे धरला जाई. त्या वर्षी तो 2 रुपये, 2008 मध्ये 4, 2012 मध्ये 6 आणि 2017 मध्ये 8 रुपये झाला. तीव्र कुपोषित बालकासाठी 2017 चा दर 12 रुपये, गरोदर व स्तनदा मातांसाठी साडेनऊ रुपये. हे दर महागाई निर्देशांकाशी जोडलेले नसल्याने दोन सुधारणांच्या मधल्या काळात ताटातला आहार घटतो, ही या रचनेतील मूलभूत उणीव होय. दर वाढवण्याची घोषणा 2025-26 च्या केंद्रीय अर्थसंकल्पात करण्यात आली.

चौदाव्या वित्त आयोगाने करांतील राज्यांचा वाटा 32 वरून 42 टक्के केल्यावर 2015-16 च्या अर्थसंकल्पात योजनेची केंद्रीय तरतूद सुमारे 18 हजार कोटींवरून 8 हजार कोटींच्या घरात आली. राज्ये वाढीव वाट्यातून तूट भरून काढतील, हे गृहीतक होते. पुढे पुरवणी मागण्यांतून रक्कम वाढवावी लागली.

न्यायालयीन आदेश : अन्नाच्या हक्काच्या याचिकेत सर्वोच्च न्यायालयाने 28 नोव्हेंबर 2001 रोजी योजनेतील आहार हा लाभार्थींचा हक्क ठरवला. 7 ऑक्टोबर 2004 च्या आदेशाने आहारपुरवठ्यातून कंत्राटदारांना वगळण्यास सांगितले; 13 डिसेंबर 2006 च्या आदेशाने किमान 14 लाख अंगणवाड्यांचे उद्दिष्ट घातले. विस्ताराचे श्रेय नियोजनापेक्षा या आदेशांना अधिक जाते. 2013 च्या राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायद्याने आहारास वैधानिक आधार दिला.

महाराष्ट्रात घरपोच आहाराचे (टीएचआर) कंत्राट वादग्रस्त ठरले. बचत गटांच्या नावाखाली मोठे पुरवठादार शिरल्याचा आक्षेप होता. सुमारे 6,300 कोटी रुपयांची ही कंत्राटे सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी 2019 मध्ये रद्द केली.

शाळापूर्व शिक्षण : तीन ते सहा वर्षे वयोगटासाठी, अनौपचारिक स्वरूपाचे.

कर्मचारी : सेविका व मदतनीस यांना वेतन नव्हे, मानधन मिळते. सेविकेच्या मानधनाचा केंद्रीय दर ऑक्टोबर 2018 पासून 3,000 वरून 4,500 रुपये झाला. राज्ये त्यात आपली भर घालतात. त्या ग्रॅच्युइटीस पात्र असल्याचा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने 25 एप्रिल 2022 रोजी दिला. महाराष्ट्रातील अंगणवाडी कर्मचारी मानधनवाढ व ग्रॅच्युइटीच्या मागण्यांसाठी 4 डिसेंबर 2023 पासून संपावर गेल्या. संप जानेवारी 2024 मध्ये मिटला.