पिला हाऊसचा यहुदी, बर्लिनचा यहुदी

ग्रँट रोडचे पिला हाऊस म्हणजे मूळचे 'प्ले हाऊस'. पारशी नाटक मंडळ्यांची थिएटरे याच भागात होती आणि त्यांची बरीच नाटके उर्दूत होत. या रंगभूमीचे गाजलेले नाटककार आगा हश्र काश्मिरी. त्यांच्या 'यहुदी की लडकी'चे कथानक १८३५ च्या 'ला जुइव्ह' या फ्रेंच ऑपेराशी जुळते. एक यहुदी जवाहिऱ्या आपल्यावर जुलूम करणाऱ्याचीच मुलगी पोटच्या पोरीसारखी वाढवतो. ऑपेरातले ख्रिस्ती सत्ताधीश उर्दूत रोमन झाले. जुलूम तोच राहिला. यहुद्याची फिर्याद एका मुसलमान लेखकाने मांडली.

१९३३ साली कलकत्त्याच्या न्यू थिएटर्सने या नाटकावर चित्रपट काढला. सैगल त्यात होते. त्याच वर्षी जर्मनीत हिटलर सत्तेवर आला आणि लायन फॉइश्टवांगर या ज्यू लेखकाची पुस्तके जाळली गेली. त्यांची 'यूड झ्यूस' ही कादंबरी १९२५ ची. १७३८ मध्ये श्टुटगार्टला फाशी गेलेल्या झ्यूस ओपेनहायमर या दरबारी ज्यूची ती कथा. १९३४ मध्ये इंग्लंडात तिच्यावर चित्रपट निघाला. त्यात ज्यूंविषयी सहानुभूती होती. १९४० मध्ये नाझींनी त्याच माणसावर, त्याच नावाचा चित्रपट काढला. त्यात झ्यूस खलनायक झाला आणि त्याच्या नावाने साऱ्या जमातीची पावती फाडली गेली. हिमलरच्या हुकमाने तो एस.एस.च्या जवानांना दाखवला गेला.

पुढे १९५८ मध्ये मुंबईत बिमल रॉय यांनी हश्र यांच्या नाटकावरून 'यहुदी' काढला. सोहराब मोदी, दिलीपकुमार, मीनाकुमारी : पारशी आणि मुसलमान कलावंतांनी यहुद्याचे दुःख घरोघर पोचवले.

आज पॅलेस्टाईनच्या बातम्या वाचून आपल्यातल्या काहींच्या तोंडी 'यहुदी' हा शब्द शिवीसारखा येतो. इस्रायल सरकारच्या जुलमाचा निषेध जरूर करावा. पण कोकणातले बेने इस्रायल आपल्यासारखेच मराठी बोलणारे. मांडवीतल्या सॅम्युएल स्ट्रीटवरच्या त्यांच्या प्रार्थनागृहाला ते 'जुनी मशीद' म्हणत आले. एकाच्या गुन्ह्यासाठी अख्खी जमात पडद्यावर आरोपी होते, तेव्हा काय वाटते हे आपल्याला कोणी शिकवायला नको. म्हणूनच आपल्या लेखणीने नाते सांगावे ते आगा हश्र यांच्याशी.