आधी सामाईक काढा



वेल्ह्याच्या डोंगरातल्या पासलीत भाताची मळणी झाली आहे, असे समजा. प्रत्येक गड्याने ६ पायली भात आणून ढिगात ओतले. मालकाने घरचे ४ पायली त्यात घातले. आता ९-९ पायलींची पोती भरायची. ढिगात काही उरता कामा नये. किती गडी असले म्हणजे हे जमेल?

मोजत बसाल तर दिवस मावळेल. पण ६ ला आणि ९ ला ३ ने भाग जातो, ४ ला जात नाही. तेव्हा गडी कितीही आणा, हिशेब जुळायचा नाही. घरचे ४ ऐवजी ३ पायली घाला, मग बघा. तिन्ही आकड्यांना ३ ने भागले की ६ चे २, ३ चा १ आणि ९ चे ३ उरतात. दोनात एक मिळवला, झाले तीन! एकाच गड्यात पोते भरले.

ही रीत फार जुनी. असल्या गणिताला आपल्याकडे कुट्टक म्हणत. आर्यभटाने ती इ.स. ४९९ च्या ग्रंथात दिली आहे. इ.स. १११४ मध्ये जन्मलेल्या भास्कराचार्यांनी ‘लीलावती’त पहिली पायरीच ही सांगितली : आधी अपवर्तन करा, म्हणजे सामाईक भाजकाने सर्वांना भागा. मिळवायच्या संख्येला भाग जात नसेल, तर प्रश्नच सदोष आहे असे समजा. चूक विद्यार्थ्याची नव्हे, प्रश्नाची!

शाळेत ‘अवयव पाडा’ म्हणतो, तेव्हा पहिले पाऊल हेच असते. ६क्ष² + ९क्ष ही पदावली घ्या. अज्ञात राशीला भास्कराचार्य ‘यावत्तावत्’ म्हणत. त्यांच्या पद्धतीने ही ‘याव ६ या ९’ अशी लिहिली जाईल. दोन्ही पदांत ३ आहे आणि क्ष आहे. ३क्ष बाहेर काढा; कंसात २क्ष + ३ राहिले. पुन्हा गुणून पाहा, मूळ पदावली हाती येते. गुरुजी, मुलाने नियम घोकण्याआधी त्याला विचारा, “बाळ, दोघांत सारखे काय आहे?”

भास्कराचार्यांनी आपले गाव सह्याद्रीच्या आश्रयाचे म्हणून सांगितले आहे. त्यांचे नातू चांगदेव यांनी चाळीसगावजवळच्या पाटण येथे आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ काढला. इ.स. १२०७ चा तिथला शिलालेख ही हकीगत सांगतो. त्याचा काही भाग जुन्या मराठीत आहे. बाजारात येणाऱ्या मालावरचे काही देणे मठाला लावून दिल्याची नोंद त्यात आहे.

मंडळी, त्या काळी गावच्या बाजाराने गणित पोसले. आज तेच गणित तुमच्या खळ्यावर आणि शाळेच्या फळ्यावर आहे. त्या दोन्हींत सामाईक काय, ते मुलांना दाखवणे आपल्या हाती आहे.